पायाला फरशी लागली पाहिजे

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर एकच वाद चाललाय: व्हीआर चष्मा, म्हणजे डोळ्यांवर चढवला की संगणकाच्या आभासी जगात नेणारा चष्मा, लावून घेतलेलं दर्शन, दर्शन म्हणायचं का? चुलतभाऊ म्हणतो, रांग नाही, रेटारेटी नाही, म्हाताऱ्या माणसांची सोय. नाशिकची आत्या एका वाक्यात निकाल लावते, "पायाला फरशी लागली नाही, तर दर्शन कसलं रे?"

माँट्रियलमध्ये बसून मी अर्थातच भावाच्या बाजूने. सोयीचं कौतुक आम्ही परदेशातल्यांनी नाही करायचं तर कोणी?

पण मग 2021 मध्ये इथे पाहिलेलं 'कार्ने इ अरेना' आठवलं. मेक्सिकन दिग्दर्शक अलेहान्द्रो इन्यारितूंची ही जेमतेम साडेसहा मिनिटांची व्हीआर कलाकृती 2017 मध्ये कान महोत्सवात आली. त्याच वर्षी तिला विशेष ऑस्करही मिळालं. एका वेळी एकच प्रेक्षक. आधी गारठलेल्या खोलीत बसवतात. तिथे स्थलांतरितांचे सीमेवर राहिलेले जोडे पडलेले. तुमचेही काढायला लावतात. मग अनवाणी, खऱ्या वाळूवर. चष्मा चढला की अमेरिकेच्या सीमेवरचं वाळवंट, दमलेली माणसं, डोक्यावर हेलिकॉप्टर, रोखलेल्या बंदुका. चित्र संगणकाचं आहे हे डोळ्यांना कळत होतं. पायांना पटत नव्हतं. एवढं तंत्र हाताशी असून इन्यारितूंनाही शेवटी वाळू आणावीच लागली. आत्याचा मुद्दा तिथेच सिद्ध झाला म्हणायचा.

ख्रिस मिल्क या दिग्दर्शकाने 2015 मध्ये व्हीआरला सहानुभूतीचं यंत्र म्हटलं होतं. हे काही मला झेपत नाही. ते वाळवंट पाहून झाल्यावर मी बूट चढवून बाहेर पडलो आणि कॉफी प्यायलो.

आपल्या वादात मात्र त्र्यंबकेश्वरचंच उदाहरण कोणी काढत नाही. खुशबू रांका यांचा 'राइट टू प्रे' हा 2016 चा व्हीआर माहितीपट तिथल्या गाभाऱ्यात जाऊ पाहणाऱ्या बायकांचा आहे. चारही बाजूंचं चित्रण. कुठे बघायचं ते आपण ठरवायचं. दर्शनाचा चष्मा रांग चुकवून थेट आत नेतो. हा चष्मा दारात अडवलेल्यांच्या शेजारी उभा करतो. कलेचं काम मला या दुसऱ्या चष्म्यात दिसतं, आणि भावाशी माझं बिनसलं ते इथेच.

डिसेंबरात नाशिकला जाईन तेव्हा आत्याला तो माहितीपट दाखवायचाय. त्र्यंबकेश्वरला ती जन्मभर गाभाऱ्याबाहेरूनच हात जोडत आली. चष्मा हातात दिला की आधी विचारेल, "चपला काढू का?"