गुगलच्या मोफत जाहिरातींसाठी सर्टिफिकेटची अट नाही

‘गुगल संस्थांना दरमहा १०,००० डॉलर देते, पण त्यासाठी सर्टिफाइड मार्केटिंगवाला हवा’, असा मेसेज छोट्या स्वयंसेवी संस्थांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. खाली कोर्सची फी. मेसेज चुकीचा आहे.

‘ॲड ग्रँट्स’ या गुगलच्या मोफत जाहिरातींच्या योजनेत रोख काही मिळत नाही. गुगल सर्चवरच्या जाहिरातींसाठी तेवढ्या रकमेपर्यंतचं क्रेडिट मिळतं. लागतं ते संस्थेचं ‘गुगल फॉर नॉनप्रॉफिट्स’ खातं आणि स्वतःच्या डोमेनवरची https वेबसाइट. सरकारी कार्यालयं, रुग्णालयं आणि शाळा यात बसत नाहीत.

शिकायला हवंच, कारण मंजुरीनंतर खाती बंद पडतात. जाहिरात दिसलेल्या दर १०० वेळांमागे ५ क्लिक हवेत. सलग दोन महिने कमी पडले तर खातं थांबू शकतं. काही ठरलेले अपवाद सोडता एका शब्दाचा कीवर्ड (ज्या शोधावर जाहिरात दिसावी तो शब्द) चालत नाही. ‘दान’ नको; ‘पुण्यात जुने कपडे कुठे द्यावेत’ असं लिहा, क्लिकही नेमक्या माणसाचे येतात. बोली, म्हणजे एका क्लिकसाठी द्यायची रक्कम, हातानं लावली तर २ डॉलरची मर्यादा. कन्व्हर्जनवर (क्लिकनंतर माणसानं देणगी देणं, फॉर्म भरणं असं काही करणं) आधारित बोलीला ती नाही. म्हणून कन्व्हर्जन ट्रॅकिंग, म्हणजे त्याची मोजणी, आधी बसवा.

गुगलच्या स्किलशॉप या ऑनलाइन प्रशिक्षणाच्या साइटवर सर्च जाहिरातींचा कोर्स आणि परीक्षा फुकट आहे. पास व्हायला ८० टक्के लागतात, सर्टिफिकेट वर्षभर चालतं. देणगीदाराच्या पैशातून फी भरायचीच असेल, तर आधी अभ्यासक्रम मागवा. त्यात कन्व्हर्जन ट्रॅकिंग प्रत्यक्ष संस्थेच्या खात्यावर करून घेणार नसतील, तर तो कोर्स घेऊ नका.