बिनपाण्याची

काल मावसभावाचा साखरपुडा, घरी नळाला पाणी नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये दाढीला बसलो. पाणी तिथेही नव्हतं, पण ते कळलं गालाला फेस लागल्यावर. पोरानं बाटलीतला शेवटचा फवारा मारला, ब्लेड मोडून अर्धं वस्तऱ्यात बसवलं, आणि तेवढ्यात मागच्या बाकावरचे काका म्हणाले, "सिकंदरानं सैनिकांच्या दाढ्या का काढायला लावल्या, माहितीये?"

मला माहिती नव्हतं आणि नकोही होतं. पण पोरगा थांबला ना! वस्तरा माझ्या कंठावर ठेवून मागे वळून विचारतो, "का हो काका?"

"लढाईत शत्रू दाढी धरतो."

मी हूं सुद्धा करू शकत नव्हतो. काका सुटले. मोहेंजोदडोत तांब्याचे वस्तरे निघाले, इजिप्तमध्ये तांब्याचे, ब्राँझचे, मेक्सिकोत तर ज्वालामुखीतली काळी काच, असली धार की तुझं हे ब्लेड झक मारेल. पोरानं ब्लेडकडे असं बघितलं की जणू मीच त्याला फसवून विकलंय. दर मुद्द्याला हात थांबे, इकडे फेस वाळून पापड. आणि सांगणारा कोण, तर ज्याची स्वतःची दाढी छातीपर्यंत! काका रोज फक्त फुकट पेपर वाचायला येतात म्हणे.

आमच्या आजोबांची दाढी अंगणात व्हायची. न्हावी धोकटी घेऊन यायचे, त्यात वस्तरा, वाटी, कात्री, नखांची नराणी, आधी चामड्याच्या पट्ट्यावर सटासट धार लावायची आणि मग समोरासमोर उकिडवं बसायचं. गप्पा तेव्हाही चालायच्या, पण गावातल्या, कोणाची म्हैस व्याली वगैरे, आणि हात चालू असायचा हो!

"अथर्ववेदात," काका म्हणाले, "सूर्यदेव सविता वस्तरा घेऊन आलाय, वायो, तू गरम पाणी घेऊन ये, असं आहे." म्हणजे बघा, वेदकाळात गरम पाण्याची सोय होती, ते आणायला साक्षात वायुदेव, आणि शंभर रुपये मोजून माझी बिनपाण्याची. हा वाक्प्रचार आजवर मी ऑफिसात अप्रेझलच्या दिवशी वापरायचो, गालावर कधी अनुभवला नव्हता.

मग रोम आलं. मार्शल नावाच्या कवीनं एका न्हाव्याची टिंगल केलीय, तो इतका हळू की एक दाढी होईपर्यंत खालून दुसरी उगवते. पोरगा खदखदून हसला. वस्तऱ्यासकट.

रक्त बघून काका शांतपणे म्हणाले, "प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं यावर उपाय दिलाय. तेल नि व्हिनेगरमध्ये भिजवलेलं कोळ्याचं जाळं." आणि त्या गाढवानं खरंच वर पंख्यामागच्या कोपऱ्यात बघितलं! जाळं होतं तिथे. चांगलं मोठं होतं.

मी ओरडलो तेव्हा तुरटी मिळाली. पैसे पूर्ण घेतले, वर "तुरटीचे नाही लावले साहेब" हे उपकार.

साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत मी उजवीकडे बघतोय. मावशी विचारत होती, तिकडे कोण होतं रे एवढं?