क्वांटासचं विमान कधीच पडलं नाही? खुलासा

‘ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास विमान कंपनीचा आजवर एकही जीवघेणा अपघात झालेला नाही’ हा दावा सध्या पुन्हा फिरतो आहे. तो चूक आहे. खरी गोष्ट एवढीच की कंपनीच्या जेट विमानांत अपघाती मृत्यू झालेला नाही. मधला ‘जेट’ हा शब्द गळाला की इतिहासच बदलतो.

16 नोव्हेंबर 1920 ला क्वीन्सलँडमधल्या विंटनला नोंदणी झालेली ही कंपनी. नियमित टपालसेवा सुरू झाली ती 2 नोव्हेंबर 1922 ला, चार्लव्हिल ते क्लॉन्करी. (ऑस्ट्रेलियातली ही पहिली नियमित सेवा, असंही सर्रास लिहिलं जातं, पण वेस्टर्न ऑस्ट्रेलियन एअरवेजची सेवा डिसेंबर 1921 मध्येच निघाली होती.)

24 मार्च 1927 ला टॅम्बो इथे उतरताना डीएच-9 हे प्रोपेलरचं विमान ‘स्टॉल’ झालं आणि तिघे गेले. वेग फार घटला की पंखांची उचल तुटते. नाक खाली दाबून वेग परत मिळवायला उंची लागते, आणि उतरताना नेमकी तीच हाताशी नसते. 1934 मध्ये दोन अपघात: 3 ऑक्टोबरला विंटनजवळ डीएच-50 मध्ये तिघे, 15 नोव्हेंबरला लाँगरीचजवळ नव्या कोऱ्या चार इंजिनी डीएच-86 मध्ये चौघे. हे दुसरं विमान तर इंग्लंडहून ताबा घेऊन आणलं जात होतं. अजून सेवेतही नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या माऱ्यात गेलेली विमानं वेगळीच. युद्धानंतर, 16 जुलै 1951 ला न्यू गिनीच्या किनाऱ्याजवळ तीन इंजिनी ड्रोव्हर विमानाच्या मधल्या इंजिनाचा प्रोपेलर तुटला. सात जण दगावले.