डी ड्राईव्ह पुण्यात, जावई सांगलीत

सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीसाठी आम्ही गुरुवारीच सांगलीला पोचलो, कार्यक्रम शनिवारी. स्लाईड शोला लागणारे त्यांचे जुने फोटो मी मागच्या दिवाळीत बसून स्कॅन केलेले, ते पुण्याला घरच्या कॉम्प्युटरच्या डी ड्राईव्हवर. ते मुद्दामच बरोबर घेतले नव्हते, कारण मी सगळी सोय करून ठेवलीये, ड्राईव्ह शेअर केलेला, राऊटरवर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायची खाजगी वाट, कुठेही बसून लॅपटॉप उघडायचा आणि आपल्या घरात शिरायचं. निघताना बायको म्हणाली होती पेनड्राईव्हमध्ये घे. त्या वाक्याचा मी परत उल्लेख करणार नाही, तिने पुरेसा केलाय.

तर व्हीपीएन पहिल्या फटक्यात कनेक्ट झाला. मग दोन उलट्या तिरक्या रेघा, पुढे घरच्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता, १९२.१६८.१.५, एंटर. विंडोज बराच वेळ गोल गोल फिरलं आणि म्हणालं नेटवर्क पाथ सापडत नाही, एरर झीरो एक्स ८००७००३५. पिंग मारून, म्हणजे त्या पत्त्यावर कोणी आहे का अशी हाक मारून बघितलं तर उत्तर येतंय, तेही दोन मिलिसेकंदात. आता पुण्याहून सांगलीपर्यंत घरगुती इंटरनेटवर दोन मिलिसेकंदात काही येत नसतं, तिथेच शंका आली. शोधलं तर उत्तर देत होता सासऱ्यांचा प्रिंटर. हॉलमध्ये, माझ्या पाठीमागे, विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवलेला.

इथे शेजारचे काका आले. काका पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालेत आणि सासऱ्यांकडे चहाला येतात, पण त्या दिवशी सासऱ्यांशी न बोलता खुर्ची ओढून माझ्या स्क्रीनसमोर बसले.

"काय अडलंय जावईबापू?"

"काही नाही काका, दोन्हीकडचं नेटवर्क सेम निघालं. पुण्याला पण १९२.१६८.१ आणि इथे पण तेच."

"म्हणजे तुमच्या घराचा आणि ह्या घराचा पत्ता एकच?"

"आतला पत्ता. बाहेरचा वेगळा."

"आणि समोरच्या बंगल्याचा?"

"बहुतेक तोच असणार."

काकांनी कप खाली ठेवला. "कोणी दिले हे पत्ते?"

मी त्यांना सांगितलं की १९९६ साली ठरलं, काही आकडे घरगुती आणि ऑफिसच्या आतल्या वापरासाठी बाजूला काढायचे, ते कोणीही वापरावेत, आणि राऊटर बनवणारे बहुतेक सगळे त्यातला हाच एक नाहीतर ह्याचा शेजारचा आकडा भरून राऊटर विकतात. दोन घरं एकमेकांना जोडली नाहीत तोवर काही बिघडत नाही. जोडली की लॅपटॉपला वाटतं हा पत्ता इथलाच, मग तो पुण्याकडे बघतच नाही.

"महाराष्ट्रात वडगाव किती आहेत सांगा."

"खूप असतील."

"खूप! अहो पत्रावर नुसतं वडगाव लिहिलेलं असायचं, तालुका नाही, जिल्हा नाही. म्हणून तर पिन कोड आणला, १५ ऑगस्ट १९७२. वेलणकरांनी, श्रीराम भिकाजी वेलणकर, आपला मराठी माणूस, संस्कृतात कविता करायचा. सहा आकडे फक्त! पहिला बघितला की देशाचा कुठला भाग ते कळतं, पहिल्या तिनात सॉर्टिंगचा जिल्हा, उरलेल्या तिनात वाटप करणारं ऑफिस. आमचं ४१६४१६. ते दुसऱ्या कुणाचं आहे? नाही! आणि तुमच्या इंजिनियरांनी काय केलं, सगळ्या गावांना वडगाव नाव दिलं."

ह्यावर मला खरंच काही बोलता येईना. मी सर्व्हर, सबनेट असं काहीतरी पुटपुटलो. तोपर्यंत मेहुणा, त्याची बायको आणि दोन मावश्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि काका त्यांना प्रिंटरकडे बोट दाखवून सांगत होते, "पत्र पुण्याचं होतं, डिलिव्हरी हिथंच झाली."

हसू दे. पण ह्यात मला जो राग आहे तो काकांवर नाहीये. बाहेरचा पत्ता तरी फुकट मिळतो का? आयपीव्ही४, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची जुनी पद्धत, तिचे सगळे मिळून साधारण ४३० कोटी पत्ते, मध्यवर्ती साठा २०११ मध्येच संपला, त्यामुळे आता बरेच प्रोव्हायडर एका पत्त्यामागे कितीतरी घरं बसवतात. राऊटरमध्ये बघितलं आणि आकडा १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला की समजायचं आपण त्या गर्दीत आहोत, बाहेरून आपल्याकडे कोणी येऊच शकत नाही. मी होतो त्यात. फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणे सर तुमचा स्पीड बरोबर येतोय ना, मग प्रॉब्लेम काय आहे. मग दर महिन्याचे वेगळे पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त आपल्या घराचा, न बदलणारा बाहेरचा पत्ता घेतला. डिस्क माझी, कॉम्प्युटर माझा, लाईट बिल मी भरतो, आणि माझ्याच घरात बाहेरून जायचं तर वाटेचं भाडं वेगळं! नाहीतर आहेच मग क्लाऊड, टाका फोटो आमच्याकडे, भरा दर महिन्याला, सासरे नव्वदीचे होईपर्यंत. आणि मी हे बोललो की घरातले म्हणतात तू ना, साधी गोष्ट अवघड करतोस.

असो. उपाय एकच होता, इथल्या राऊटरचा नंबर बदलायचा. सासऱ्यांना विचारलं, ते म्हणाले करा काय करायचं ते, फक्त सातच्या बातम्या लागल्या पाहिजेत. १९२.१६८.५० केलं, राऊटर रिस्टार्ट, घरातल्या सगळ्यांचं वायफाय गेलं, चारही खोल्यांतून माझं नाव ऐकू आलं, मग वायफाय आलं. परत व्हीपीएन, परत पत्ता, आणि ह्यावेळी पुण्याच्या कॉम्प्युटरने चक्क लॉगिनची चौकट दाखवली. माझा विजय जेमतेम तोंडावर आला असेल तेवढ्यात काका म्हणाले, "टाका की पिन."

"पिन नाही चालत काका."

"का? रोज काय टाकता?"

"रोज पिनच टाकतो. पण तो फक्त त्या मशीनसमोर बसून चालतो. नेटवर्कवरून अकाउंटचा पासवर्ड लागतो."

"म्हणजे पिन आहे पण दुसऱ्या गावाहून चालत नाही." ते मावशींकडे वळले. "ऐकलंत? पिन! दुसऱ्या गावाहून चालत नाही!"

पासवर्ड आठवून आठवून टाकला, फोल्डर उघडलं. सासरे १९७८, मुंज, गणपती, सगळ्या फोल्डरांची नावं दिसली. आतले फोटो मात्र हळूहळू उमटत होते, पहिल्या ओळीत सासऱ्यांचे कल्ले दिसायला लागले आणि सगळं थांबलं. एका मिनिटात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, "सगळ्यांची लाईट गेली का?" गुरुवार, दुरुस्तीसाठी लाईट जायचा वार. पुण्यात राहणाऱ्याला गुरुवारचं वेगळं सांगायला नको. संध्याकाळी लाईट आली, राऊटर आपोआप उठला, कॉम्प्युटरचं मात्र बटण कोणीतरी दाबावं लागतं आणि घराच्या किल्ल्या माझ्या खिशात.

शेवटी मेहुण्याने सासूबाईंचा मूळ अल्बम खाली ठेवून मोबाईलने फोटोंचे फोटो काढले, प्रत्येकात फ्लॅशचा पांढरा डाग, लग्नाच्या फोटोत तर तो बरोबर सासऱ्यांच्या नाकावर. सगळे म्हणाले किती छान. माझ्या स्कॅनमध्ये तो डाग नाहीये, सहाशे डीपीआय आहे, पण हे कोणाला सांगणार.

काल सासऱ्यांचा फोन आला होता. राऊटरचा नंबर बदलल्यापासून प्रिंटर सापडत नाहीये कॉम्प्युटरला. म्हणाले, तुम्ही इकडे येऊ नका त्यासाठी, तिथूनच बघा की लांबून, तुम्हाला येतं ना ते. मागून काकांचा आवाज आला, "नवीन पत्ता प्रिंटरला कळवलाय का विचारा."