‘दिवसा उडतं म्हणजे फुलपाखरूच’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

मादागास्करच्या सनसेट मॉथवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “दिवसा उडतं, अंगावर इंद्रधनुष्य, मागे शेपट्या. याला पतंग म्हणणाऱ्याने आधी फुलपाखरू नीट बघावं.” शिवाय रंगांचा परिच्छेद ‘पोकळ’ आणि स्थलांतर ‘अर्धवट’. चूक दाखवलीत तर दुरुस्त करतो, पण हा मास्तरकीचा सूर कशाला? वीस वर्षं पतंगच बघतोय.

एक मान्य. शेपट्या चार नव्हेत, सहा. लेखात बदल केलाय.

आता तुमचं ते वाक्य. इंग्लिश कीटकतज्ज्ञ ड्रू ड्रुरीनेही १७७३ साली याला फुलपाखरू समजून फुलपाखरांच्या ‘पॅपिलिओ’ प्रजातीत टाकलं होतं. १८२३ मध्ये जर्मन कीटकतज्ज्ञ ह्यूबनरने ‘क्रायसिरिडिया’ ही नवी प्रजाती करून त्याला पतंगांत आणलं. म्हणजे तुमची शंका दोनशे वर्षांपूर्वीच निकालात निघाली आहे.

मिशा बघा. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, याच्या नसते. पण नुसत्या मिशांवर जाऊ नका, झायगीना पतंगांच्या मिशाही टोकाकडे जाड होतात. पक्की खूण पोटाच्या मुळाशी आहे. याच्या युरॅनिइडी कुळात कानाचे पडदे तिथे असतात, आणि नराची जागा वेगळी, मादीची वेगळी. पॅपिलिओत असलं काही दाखवा!

राहिलं दिवसा उडणं. त्याचं कारण विष. अळ्या ओम्फालिया या विषारी वनस्पतीची पानं खातात आणि त्यातलं विष पतंगाच्या अंगातही उरतं, म्हणून भडक रंग मिरवत भरदिवसा फिरणं परवडतं. लहान अळ्या शिरांमधला चीक टाळून मधला हिरवा भाग तेवढा कुरतडतात. मोठ्या झाल्या की सरसकट सगळं फस्त.

रंगांचा परिच्छेद पोकळ म्हणालात, तर रंगच पोकळीचा आहे. कमानीसारख्या वाकलेल्या खवल्यांत कायटिन (किड्यांच्या कवचातला टणक पदार्थ) आणि हवा यांचे आलटून पालटून थर असतात, हिरवा-तांबडा त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचा. रंगद्रव्याचा म्हणाल तर काळा.

स्थलांतर: अळ्यांचं खाद्य असलेल्या ओम्फालियाच्या मादागास्करमध्ये चार जाती. एक पूर्वेच्या वर्षावनात, बाकीच्या पश्चिमेच्या पानगळी जंगलांत. पतंग या दोन्हींत ये-जा करतात. बास.

आणि पुरावा म्हणून जोडलेल्या तुमच्या फोटोत डोकंच चौकटीबाहेर गेलंय. मिशा दिसतील असा फोटो पाठवा.