‘नुसत्या मेकॅनिकलला कोण विचारतं?’

‘नुसत्या मेकॅनिकल-सिव्हिलला आता कोण विचारतं? यूजीसीने दोन डिग्र्यांना परवानगी दिली आहे. सोबत डेटा सायन्सची डिग्री कराच, पुढे एम.टेक.लाही तीच लागते. नाहीतर चार वर्षं वाया.’ अ‍ॅडमिशनचे दिवस आले की हा मेसेज, खाली पैसे भरायची लिंक जोडून, पालकांच्या ग्रुपांवर फिरू लागतो. मी मेकॅनिकल शिकवतो. यंदा तो मला आमच्या दाजींनीच पाठवला, भाचा बारावी झालाय म्हणून. तेव्हा उत्तर देणं आलं.

परवानगीची बातमी खरी आहे. एप्रिल 2022 पासून एकाच वेळी दोन पदव्या करता येतात. मात्र दोन्ही वर्गात बसून करायच्या तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. ज्याने इंजिनिअरिंगचं टाइमटेबल, प्रॅक्टिकलं आणि 75 टक्के हजेरी पाहिली आहे, त्याला यातली गोम लगेच कळेल. उरतो तो ऑनलाइनचा रस्ता. आयआयटी मद्रासची डेटा सायन्समधली बीएस चांगलीच आहे, पण पूर्ण पदवी 142 क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या भाराचं माप). बी.टेक. साधारण 160 ची असते. शिवाय आठवड्याला असाइनमेंट, परीक्षेला केंद्रावर हजर. याला ‘सोबत’ म्हणत नाहीत, हा दुसरा संसार झाला! त्यापायी एम-3 ची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची, केटी लागली (विषय राहिला) तर कॅम्पसला बऱ्याच कंपन्यांच्या पहिल्याच चाळणीत नाव गळतं. दुसरी डिग्री बघण्यापर्यंत कंपनी पोचतच नाही.

मेसेजमध्ये ‘मायनर’ हा शब्दच नाही, याचं मला जास्त नवल वाटतं. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या चौकटीत 18 ते 20 जादा क्रेडिट केले की त्याच डिग्रीत दुसऱ्या विषयाची नोंद होते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात दुसऱ्या शाखेचा मायनर अभ्यासक्रमातच आला आहे. (मुलं त्यात पॉइंटर, म्हणजे गुणांची सरासरी, वाढवणारा विषय शोधतात, ते सोडा.)

आता ‘डेटा सायन्सच’. फायनल इयरच्या ओरलला एका ग्रुपने ब्लोअरचा, म्हणजे हवा फेकणाऱ्या मोठ्या पंख्याचा, व्हायब्रेशन डेटा आणला होता. पायथॉनमधलं मॉडेल, रंगीत आलेख, सगळं झकास. मी एका उंच टोकावर बोट ठेवून विचारलं, मोटर किती आरपीएमची? 1440. मग सेकंदाला फेरे किती? चौघेही गप्प. 1440 भागिले 60, म्हणजे 24. आणि ते टोक नेमकं 24 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 24 कंपनांवर, उभं होतं. दर फेऱ्याला एक धक्का, म्हणजे पहिला संशय इम्पेलरच्या (पात्यांच्या चाकाच्या) अनबॅलन्सचा, एका बाजूला वजन जास्त झाल्याचा. 48 वर असतं तर आधी मोटर आणि ब्लोअर जोडणाऱ्या कपलिंगचं अलाइनमेंट पाहिलं असतं. यांचं मॉडेल मात्र ठामपणे ‘बेअरिंग खराब’ सांगत होतं. पात्यांवरची धूळ फडक्याने पुसून बघा, म्हटलं. डेटा सायन्सला मी नावं ठेवत नाही. याच मुलांना मशीन कळलं असतं तर तेच मॉडेल कामाचं ठरलं असतं.

आणि जोडीला दुसरे विषय नाहीत का? इलेक्ट्रिकलवाल्याने अर्थशास्त्र घ्यावं. वीज एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात, दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे असतात आणि प्रत्येकाचा भाव वेगळा निघतो. दुपारी सोलरची वीज मुबलक, संध्याकाळी तीच वीज महाग. बॅटरी कधी भरायची, कधी रिकामी करायची, हे सर्किट आणि बाजार दोन्ही समजणाराच ठरवू शकतो. सिव्हिलवाल्याने भूशास्त्र घ्यावं. सह्याद्रीत बोगदा खणताना बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये तांबडा बोल, म्हणजे लाल मातकट थर, लागतो, पाणी लागलं की तो सुटू लागतो. सिव्हिलला भूशास्त्राचा जेमतेम एखादा पेपर असतो, तोही मुलं ‘थिअरी आहे’ म्हणून आदल्या रात्री वाचतात.

एम.टेक.चा मुद्दा सरळ चूक. 2024 पासून गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेत डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आहे, आणि तो मेकॅनिकलचा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही देऊ शकतो.

‘चार वर्षं वाया’ला काय उत्तर द्यायचं? वाया घालवणारे दोन डिग्र्यांतही घालवतात.

दाजी, पोरगा सिव्हिलला चाललाय तर पहिलं वर्ष त्याला मोकळा सोडा. दुसऱ्या वर्षी साइटवर जाऊन आला की काय अडतंय ते तोच सांगेल. मायनरचा फॉर्म तेव्हा भरू. मेसेजमधल्या त्या लिंकवर तेवढे पैसे भरू नका.