गंमत आणि बातमी एकाच लेखात का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिच्यामागे विचार आहे, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही. मागच्या लेखात मी तंत्रज्ञान कंपन्यांमधील नोकरकपात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर होणारा अवाढव्य खर्च यांचा आढावा घेतला होता आणि उत्तरार्धात क्रोम ब्राउझरमधल्या डायनासोरच्या खेळाविषयी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, हजारो लोकांच्या पोटावर पाय येत असताना त्याच लेखात असा पोरखेळ मांडणे शोभत नाही. अशा गमती दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. आणि त्यांचे कौतुक करणारा लेखक नकळत कंपन्यांची फुकट जाहिरात करत असतो. बातम्या आणि गमती यांचे दोन स्वतंत्र विभाग करावेत, अशी आपली सूचना आहे. ती मला मान्य नाही.

ज्या खेळावरून हा विषय निघाला त्याच्यापासूनच सुरुवात करतो. इंटरनेट गेले की क्रोमच्या कोऱ्या पानावर एक छोटा करडा डायनासोर दिसतो, स्पेस बार दाबला की तो धावू लागतो आणि निवडुंग आडवे आले की त्याला उडी मारायला लावायची, एवढाच हा खेळ. सेबास्टियन गॅब्रिएल, ॲलन बेट्स आणि एडवर्ड जंग या क्रोमच्या चमूतील तिघांनी तो २०१४ मध्ये तयार केला. जोडणी तुटली की आपण जणू अश्मयुगाच्याही मागे फेकले जातो, ही त्यामागची कल्पना. आता यातली बातमी कुठे आहे ते पाहा. २०१८ मध्ये गूगलने सांगितले की हा खेळ दर महिन्याला सुमारे २७ कोटी वेळा खेळला जातो आणि त्यातला मोठा वाटा भारत, ब्राझील, मेक्सिको आणि इंडोनेशिया यांसारख्या, मोबाइल डेटा महाग किंवा बेभरवशाचा असलेल्या देशांतून येतो. म्हणजे ज्या आकड्याकडे आपण करमणुकीचा आकडा म्हणून पाहतो, तो तुटलेल्या जोडण्यांचाही आकडा आहे. जाळे सर्वदूर पोहोचल्याचे दावे कंपन्यांच्या पत्रकांत नेहमी असतात. ते किती वेळा तुटते याची मोजदाद अशी एखाद्या खेळाच्या निमित्ताने बाहेर येते, आणि ती वाचकांपुढे ठेवणे मी माझे काम समजतो.

गमती दुसऱ्या दिवशी विसरल्या जातात, हे बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु ज्या टिकतात त्यांच्यामागचा इतिहास चकित करणारा असतो. हलत्या चित्रांसाठी आज सर्रास वापरला जाणारा जिफ हा प्रकार कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने १९८७ मध्ये आणला. चित्राची माहिती आकुंचित करण्यासाठी त्यात एलझेडडब्ल्यू ही पद्धत वापरली होती, आणि तिचे पेटंट युनिसिस या दुसऱ्याच कंपनीकडे होते. सात वर्षे कोणी काही बोलले नाही. मग १९९४ च्या डिसेंबरअखेरीस, जिफ जगभर पसरल्यानंतर, हा प्रकार हाताळणारी सॉफ्टवेअरे विकणाऱ्यांनी परवाना शुल्क भरावे अशी घोषणा झाली. संतापलेल्या प्रोग्रामरांनी काही दिवसांतच पेटंटमुक्त पर्यायाची आखणी सुरू केली आणि त्यातून पीएनजी जन्माला आले. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने त्याची अधिकृत शिफारस केली. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये तर सगळी जिफ चित्रे जाळून टाका, अशी मोहीमही निघाली. तरी जिफ गेले नाही, कारण पीएनजीमध्ये चित्र हलवण्याची सोय नव्हती आणि लोकांना हलणारी चित्रे हवी होती. त्याच वर्षांत ईमेलमधून हातोहात फिरलेले नाचणारे बाळ, नाचणारे हॅमस्टर, पानापानावरचे लुकलुकणारे फलक या सगळ्या, आपल्या दृष्टीने क्षुल्लक, गोष्टींनी त्या प्रकाराला जिवंत ठेवले. अमेरिकेतील पेटंटची मुदत २००३ च्या जूनमध्ये संपली. आज कोणीही निर्धास्तपणे जिफ पाठवतो, त्याच्यामागे पेटंटचा तंटा, प्रोग्रामरांचे बंड आणि नाचणारे हॅमस्टर असे तिन्ही आहेत, आणि यांतले एक वगळून उरलेली हकिगत मला सांगता येत नाही.

फुकट जाहिरातीचा आपला मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कंपनीने स्वतः घडवून आणलेली गंमत आणि लोकांनी आपल्या मनाने केलेली गंमत यांत फरक केलाच पाहिजे, आणि पहिल्या प्रकाराकडे संशयाने पाहावे, याबाबत माझे आपल्याशी दुमत नाही. १ एप्रिल २०१६ रोजी गूगलने जीमेलमध्ये नेहमीच्या ‘पाठवा’ बटणाला लागूनच ‘माइक ड्रॉप’ नावाचे एक बटण ठेवले. ते दाबले की पत्रासोबत माइक खाली टाकणाऱ्या एका मिनियनचे (व्यंगपटातल्या पिवळ्या पात्राचे) हलते चित्र जायचे आणि त्यानंतर त्या पत्रव्यवहारातली उत्तरे पाठवणाऱ्याच्या डोळ्यांआड व्हायची. बटण अनेकांकडून चुकून दाबले गेले. महत्त्वाच्या व्यावसायिक पत्रांना ते चित्र चिकटले, समोरून आलेली उत्तरे दिसेनात, तक्रारींचा भडिमार झाला आणि काही तासांतच गूगलला ते बटण काढून माफी मागावी लागली. ही एप्रिल फूलची गंमत होती हे खरे; पण कोट्यवधी लोकांच्या रोजच्या कामाच्या साधनात एक कंपनी रातोरात, कोणालाही न विचारता, बदल करू शकते हे त्या एका बटणाने जितके स्पष्ट केले, तितके एखाद्या धोरणविषयक लेखाने क्वचितच केले असते. अशी घटना ‘हलकेफुलके’ या शीर्षकाखाली टाकून मोकळे होणे म्हणजेच कंपनीची तळी उचलणे, असे मी म्हणेन. ती बातमी म्हणूनच लिहायला हवी.

आता दोन विभागांची सूचना. २०२३ मध्ये रेडिट या विषयवार समूहांत चर्चा चालणाऱ्या संकेतस्थळावर जे घडले ते कोणत्या विभागात घालावे, हे मला आपल्याकडून जाणून घ्यायला आवडेल. बाहेरच्या ॲपांना रेडिटवरील मजकूर मिळवण्यासाठी लागणारी एपीआय सुविधा तोवर मोफत होती. कंपनीने तिच्यावर शुल्क लावले, आणि ‘अपोलो’ या लोकप्रिय ॲपच्या निर्मात्याने हिशेब मांडला की त्याला वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर मोजावे लागतील. १२ जूनपासून हजारो समूहांनी निषेध म्हणून आपली दारे बंद केली. समूह उघडा, नाहीतर ते सांभाळणारे मॉडरेटर बदलू, असा दबाव कंपनीकडून येऊ लागला तेव्हा छायाचित्रांच्या एका प्रचंड मोठ्या समूहाने मतदान घेतले आणि यापुढे तिथे फक्त विनोदी कार्यक्रमकर्ते जॉन ऑलिव्हर यांचीच छायाचित्रे टाकता येतील, असा ठराव केला. समूह उघडा होता, नियम पाळले जात होते आणि तरीही तिथे दुसरे काहीही मिळत नव्हते. खुद्द ऑलिव्हर यांनी आपली चित्रविचित्र छायाचित्रे पुरवून त्यात भाग घेतला. वरवर पाहता ही शुद्ध धमाल होती. प्रत्यक्षात बिनपगारी काम करणाऱ्या मॉडरेटरांच्या हाती उरलेले ते एकमेव शस्त्र होते, आणि त्यांनी ते विलक्षण कल्पकतेने वापरले. अपोलो ३० जूनला बंद पडलेच. पुढे २०२४ च्या फेब्रुवारीत रेडिटने तोच, लोकांनी फुकट लिहिलेला मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी गूगलला पुरवण्याचा करार केला, आणि मार्चमध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले. एकाच चेहऱ्याच्या त्या शेकडो छायाचित्रांपासून समभागविक्रीपर्यंत हा एकच सलग धागा आहे. मी तो मधोमध कापला, तर गमतीच्या विभागात एक निरर्थक चुटका उरेल आणि बातम्यांच्या विभागात माणसे नसलेला करार.

ट्विटरचेही तेच. ३ एप्रिल २०२३ रोजी त्याच्या संकेतस्थळावरील निळ्या पक्ष्याच्या जागी शिबा इनू जातीच्या कुत्र्याचे चित्र आले आणि डोजकॉइन या आभासी चलनाचा भाव लगोलग उसळला. हे चलन २०१३ मध्ये त्याच कुत्र्याच्या मीमवरून थट्टा म्हणून काढलेले. आणि याच चलनावरून ट्विटरचे तेव्हाचे मालक इलॉन मस्क यांच्याविरुद्ध भरलेला २५८ अब्ज डॉलरचा दावा फेटाळावा, अशी विनंती त्यांच्या वकिलांनी न्यायालयाला आदल्याच शुक्रवारी केली होती. ज्याला तो कुत्रा ठाऊक नाही, त्याला ही आर्थिक बातमी कळणारच नाही.

राहिला शोभण्या-न शोभण्याचा प्रश्न, आणि तो मी हलक्यात घेत नाही. नोकरी गेलेल्या माणसाच्या बातमीला खेटून विनोद करणे मलाही पटत नाही आणि तसे मी करणार नाही. परंतु नोकरकपातीची झळ या गमतींनाही लागते. सहा सेकंदांच्या चित्रफितींचे व्हाइन ट्विटरने बंद करत असल्याचे २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केले, ते ज्या दिवशी सुमारे नऊ टक्के कर्मचारी कमी करण्याची घोषणा झाली त्याच दिवशी. कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या आणि हजारो तरुण कलाकारांचा रंगमंचही गेला. या दोन नुकसानांपैकी एक गंभीर आणि दुसरे किरकोळ, अशी प्रतवारी लावायला माझे मन धजत नाही.

आपण शेवटी विचारले आहे की, आपल्या संस्थेच्या संगणककक्षात विद्यार्थी तो डायनासोरच पळवत बसतात, तर तो बंद करता येतो का. येतो. संस्थेचे संगणक मध्यवर्ती व्यवस्थापनाखाली असतील तर क्रोमच्या धोरणांच्या यादीत ‘अलाउ डायनासोर ईस्टर एग’ नावाची नोंद आहे. तिचे मूल्य ‘फॉल्स’ ठेवले की खेळ सुरू होत नाही. व्यवस्थापनाखाली नोंदवलेल्या क्रोमबुकांवर तर हे धोरण मुद्दाम चालू केल्याशिवाय तो खेळता येतच नाही, त्यामुळे तिथे आपल्याला काहीच करावे लागणार नाही.